आठ बिल्ले आणि आमचे जावई

आमचे जावई जेवायला बसले की मी घड्याळाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघते. एक घास, मग विचार, मग पाण्याचा घोट, मग पुन्हा विचार. माझं जेवण होऊन, भांडी घासून, ओटा पुसून झाला तरी यांचा चौथा घास अजून ताटातच. घराला कुलूप लावलं की दोन जिने उतरून पुन्हा वर जाणार आणि ओढून बघणार, लागलंय ना. आणि मी? नाकावर राग आणि पायाला भिंगरी. लेकीने पसंत केले तेव्हाच तिला म्हटलं होतं, "अगं, माणूस चांगला आहे, पण याला किल्ली कुठून द्यायची ते आधी विचारून घे."

जावई वेबसाइट बांधायचं काम करतात. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि चौदा महिने ते घरी होते. बसून नव्हते हं, खोटं कशाला बोलू! स्वयंपाक करायचे, नातीला शाळेत सोडायचे, घरातला प्रत्येक ठिबकणारा नळ त्यांनी दुरुस्त केला. पण नोकरी काही मिळेना. शेवटी मिळायची झाली तीही कुठे, तर विमानाने जावं लागेल इतक्या लांब. जायचं म्हणजे सगळ्यांनीच जायचं, माझी लेक आणि सात वर्षांची नातसुद्धा. ही नात मी कामावरून आले की तडक माझ्याकडे येते, दप्तर एका कोपऱ्यात फेकते आणि दिवसभराच्या चहाड्या सांगते. ती जाणार म्हटल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना. त्या कंपनीने उत्तर द्यायला महिन्याची मुदत दिली होती.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे शब्द टाकला.

मी कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या केंद्रात रेकॉर्ड सांभाळते. सव्वीस वर्षं झाली. ज्याचा पाय गेलाय तो आमच्याकडे येतो, मापं देतो, काही आठवड्यांनी नव्या पायावर उभा राहतो. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, घेर किती, लांबी किती, सगळं मागच्या खोलीतल्या एका जुन्या डेटाबेसमध्ये आहे. आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. हिरव्या अक्षरांची, कुरकुरणारी, पण एक आकडा इकडचा तिकडे करणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक कंपनी आली होती, म्हातारीला मोडीत काढून सगळं नव्या डेटाबेसमध्ये भरून देतो म्हणाली. भरता भरता चाळीस जणांचा डावा पाय उजवा झाला. आमच्या कारखान्याचे मिस्त्री म्हणजे शब्दाला पक्के, कागदावर उजवा लिहिलाय म्हणून त्यांनी सुरेख उजवा पाय घडवला. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, ते स्वतःच्याच उजव्या पायावर! मिस्त्रींनी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, जाहीर केलं, "म्हातारी जिथे आहे तिथेच राहील."

पण एक दुखणं होतंच. "झाला का हो माझा पाय?" एवढं विचारायला माणसं कुबड्यांवर दोन-दोन बस बदलून यायची आणि मी खिडकीतून सांगायची, "नाही झाला, पुढच्या आठवड्यात बघा." सांगताना माझीच मान खाली जायची. घरबसल्या कळेल अशी वेबसाइट मोठ्या मॅडमना हवी होती, मात्र म्हातारीला धक्का न लावता. मी जावयांचं नाव सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "एक महिना देते. शेवटच्या सोमवारी सगळ्यांसाठी सुरू करायची. चालली तर पुढचं बोलू, नाही तर ताई, मला दुसरं कुणी बघावं लागेल." आणि त्या लांबच्या नोकरीला उत्तर द्यायचा शेवटचा दिवसही तोच सोमवार. बघा म्हणजे.

पहिल्या दिवशी मी जावयांना बजावलं, "इथे मी तुमची सासू नाही आणि तुम्ही माझे जावई नाही. कळलं?"

"बरं, मॅडम," ते म्हणाले.

माझ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर एक फळी आहे. फळीवर आठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक बिल्ला. पायासाठी वापरतात त्या प्लॅस्टिकच्या उरलेल्या तुकड्यांतून मिस्त्रींनीच मला ते कापून दिले होते. त्याचं असं, की म्हातारी एका वेळी आठच जणांना आत घेते. सुरुवातीला यावरून रोज भांडणं व्हायची. मग मी कायदा केला: बिल्ला घ्यायचा आणि मगच म्हातारीकडे जायचं. खुर्चीतून उठलात, मग पाणी प्यायला का असेना, आधी म्हातारीतून बाहेर पडायचं आणि बिल्ला खिळ्याला. मोठ्या मॅडमसुद्धा मोडत नाहीत. वीस वर्षांत जागेवरून एक शब्द झाला नाही. नवीन माणसालाही कुणी सांगत बसत नाही, बघून बघून शिकतात.

जावयांनी नेमकं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, हे बिल्ले कशाचे?"

खिडकीत रांग, फोन खणखणतोय, कुणाची तरी फाइल सापडत नाहीये. मी म्हटलं, "तुमच्या कामाचे नाहीत! आपण बरं, आपलं काम बरं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते "बरं" म्हणून गेले आणि मी विसरूनही गेले.

मग त्यांचं काम सुरू झालं, त्यांच्याच चालीने. काय चाललंय ते मला रात्री लेकीकडे जेवताना सांगायचे, दोन घासांच्या मधे वेळ असायचाच. वेबसाइट म्हणे एका फ्रेमवर्कवर बांधतात, म्हणजे घराचा तयार सांगाडा, भिंती आपण घालायच्या. पण हा सांगाडा नव्या जमान्यातला आणि म्हातारी जुन्या वळणाची, एकीचं बोलणं दुसऱ्याला कळेना. मधे दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हल्लीच्या ड्रायव्हरना म्हातारीची भाषाच येत नाही. जावयांनी जुना ड्रायव्हर शोधायला नऊ दिवस घेतले. सापडला, तर फ्रेमवर्क त्याला उभं करीना. मग फ्रेमवर्कचीच जुनी आवृत्ती आणली, त्यात आणखी आठवडा. मी आतल्या आत नुसती धुमसत होते. लेक म्हणायची, "आई, त्यांना घाई केली की ते आणखी हळू होतात." घ्या!

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "मॅडम, जरा येता?" स्क्रीनवर स्वच्छ पांढऱ्या पानावर पहिल्या क्रमांकाची नोंद होती. सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या बोटांनी भरलेली. एका शिंपिणीचा डावा पाय, गुडघ्याखाली. घेर, लांबी, सगळं जिथल्या तिथे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण दाखवते कुठली! "डावा डावाच आहे ना?" एवढंच विचारलं.

"नऊशे बारा नोंदी कागदाच्या फायलींशी ताडून बघितल्या," ते म्हणाले. "सगळे डावे डावे आहेत."

नऊशे बारा! एकेक! डाव्याचा उजवा करणाऱ्या त्या कंपनीतल्या कुणी नव्वद तरी बघितल्या असतील का? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस अगदीच टाकाऊ नसतो.

आला सोमवार. नऊ वाजता सगळ्या रुग्णांच्या फोनवर निरोप गेला की आता घरबसल्या बघा. साडेनऊला मोठ्या मॅडमनी स्वतःच्या फोनवर उघडून बघितलं. लखलखीत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीत बसून मनात म्हटलं, चला, सुटलो.

पावणेदहाला मापखोलीतली बाई आली. "ताई, मी प्लास्टर बघायला उठले, परत बसले तर म्हातारी आत घेत नाही. नंतर प्रयत्न करा म्हणते." दहा वाजता भांडारवाला आला, तेच रडगाणं. सव्वादहाला मिस्त्री, आणि मिस्त्रींचा आवाज म्हणजे तोफखाना. "चार पाय साच्यावर चढवून ठेवलेत, मापं दिसत नाहीत! काय चाललंय काय?" मी स्वतः चहाचा कप ठेवायला उठले होते, शिस्तीत बाहेर पडून बिल्ला अडकवून. परत बसते तर मलाही तेच. नंतर प्रयत्न करा. बिल्ले लागल्यापासून म्हातारीने मला कधी दार लावलं नव्हतं हो!

साडेदहाला अख्खं केंद्र ठप्प. गंमत म्हणजे जावयांची वेबसाइट मात्र झकास चाललेली. ते आपले शांतपणे म्हणतात, "माझ्याकडून सगळं चालू दिसतंय." हे ऐकून मिस्त्रींचा भडका उडाला. "तुमचं चालू आहे म्हणूनच आमचं बंद आहे!" जावई खाली वाकून वायर बघू लागले. मग ड्रायव्हर बघितला. मग पासवर्ड. मग पुन्हा वायर. मोठ्या मॅडम आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत बघा. नाही जमलं तर वेबसाइट बंद करू आणि हा विषय इथेच संपला." आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत लेकीचा फोन आला. "आई, त्यांचा फोन आला होता. मी माळ्यावरून मोठी बॅग काढून ठेवलीये." मागून नातीचा आवाज येत होता, तिच्या बाहुल्या बॅगेत मावतील का विचारत होती. मी फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

मग मी फळीसमोर जाऊन उभी राहिले. आठ खिळे, आठ बिल्ले. म्हणजे आत कुणीही नाही. आणि तरी म्हातारी म्हणते जागा नाही! "नंतर प्रयत्न करा" हे तिचं वाक्य मी पूर्वी कुठे ऐकलं होतं ते मला आठवलं. बिल्ल्यांच्या आधी, त्या भांडणांच्या दिवसांत, आठ माणसं आत असली की ती हेच म्हणायची. म्हणजे कुणीतरी बिल्ला न घेता आत बसलंय. माझ्या कायद्याला कुणीतरी लाथ मारली होती! माझं डोकंच फिरलं. मापखोली, प्लास्टरची खोली, भांडार, पट्टे शिवायची खोली, एकेक खोली धुंडाळली. एकेकाला दरडावून विचारलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमच्या फळीला वळसा घालायची छाती आहे का कुणाची इथे?" खरंच नव्हती.

हात हलवत परत आले, तर बाहेरच्या बाकावर एक म्हातारेबुवा कुबडी मांडीवर घेऊन फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मला बघून त्यांचं तोंड खुललं. "बाई, हे बघा! माझा पाय! उजवा, गुडघ्याच्या वर, घेर चोपन्न. शुक्रवारी तयार म्हणून लिहिलंय!"

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही म्हातारीत कसे शिरलात?"

त्यांना काही कळलं नाही, बिचाऱ्यांना. पण मला कळलं. बाकावर बसलेला माणूस म्हातारीला विचारतोय, ती त्याला उत्तर देतेय, आणि माझ्या फळीवरचा एकही बिल्ला हललेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तशीच धावत जावयांच्या टेबलाशी गेले.

"अहो, तुमची ही वेबसाइट म्हातारीकडे जाताना बिल्ला घेते का?"

जावयांनी वर बघितलं. "बिल्ला?"

"फळीवरचे! आठ बिल्ले, आठ जागा! एका वेळी आठच जणांना घेते ती!"

त्यांचा हात कीबोर्डवरच थांबला. त्यांना इतक्या पटकन थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "आठच? फ्रेमवर्क दहा कनेक्शनं मागतं, म्हणजे दहा जागा. आणि मिळालं की धरून ठेवतं, पुढच्या माणसाला थांबायला लागू नये म्हणून. मी रोज तुम्ही सगळे गेल्यावर तपासायचो, तेव्हा आत कुणीच नसायचं, त्यामुळे..." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुमच्यातलं कुणी उठलं की ती जागा वेबसाइटने घेतली."

आमच्याच शिस्तीने आम्हाला बाहेर काढलं होतं. उठलो, बाहेर पडलो, आणि यांच्या यंत्राने गपकन जागा बळकावली.

"पण महिनाभर ती फळी डोळ्यांसमोर आहे," मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटलं ते बिल्ले कशाचे आहेत?"

जावई लाजले. "मला वाटलं संडासाच्या किल्ल्यांचे. तुम्ही म्हणालात माझ्या कामाचे नाहीत, म्हणून मी रोज समोरच्या पेट्रोल पंपावर जायचो."

अगं आई गं! मला हसू फुटलं ते आवरेना. खुर्चीला धरून हसले. आणि हसता हसता एकदम गप्प झाले. महिनाभर हा माणूस ऊनपावसात रस्ता ओलांडून जात होता, माझ्या एका वाक्यामुळे. आणि त्याच वाक्यामुळे आज त्याची बॅग माळ्यावरून खाली आली होती.

दुरुस्ती एका ओळीची होती. दहाचे दोन केले आणि वापरून झालं की कनेक्शन लगेच परत द्यायचं. जास्त माणसं आली तर त्यांना पानावर क्षणभर थांबावं लागेल, बस. जावयांनी ती ओळ चार वेळा वाचली. या वेळी मी काही बोलले नाही. साडेतीनला म्हातारीने मिस्त्रींना आत घेतलं आणि कारखान्यातून आरोळी आली, "उघडली!"

पावणेचारला आम्ही मोठ्या मॅडमच्या खोलीत. मिस्त्रीही होते. जावयांनी झालं ते सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठच जागा आहेत ही इथली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एवढं साधं कुणाला विचारलं नाहीत तुम्ही?"

"नाही," जावई म्हणाले. "चूक माझीच आहे. मी विचारायला हवं होतं."

माझे कान तापले. खरं सांगते, एक क्षण वाटलं, राहू दे. वीस वर्षांची माझी फळी, माझा कायदा, माझी इज्जत. मिस्त्री समोर बसलेत. बोलून टाकलं की उद्या साऱ्या केंद्रात होणार. पण जावई खाली मान घालून उभे होते आणि त्यांच्या बुटांना समोरच्या रस्त्याचा चिखल लागला होता.

"मॅडम, हे खोटं बोलतायत," मी म्हटलं. "यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी झिडकारलं. तुमच्या कामाचे नाहीत म्हणाले. चूक माझी आहे, सगळी माझी. काय करायचं ते मला करा, त्यांना नाही."

मिस्त्री खिडकीबाहेर बघत बसले. मग मोठ्या मॅडमनी चष्मा परत घातला आणि जावयांना विचारलं, "नऊशे बारा नोंदी तुम्ही एकट्याने ताडून बघितल्या?"

"हो."

"सगळे डावे डावे होते?"

"हो."

"मग उद्यापासून वेबसाइट आणि म्हातारी, दोन्ही तुमच्याकडे. कायमचं. पत्र उद्या मिळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ताई, तुमच्या फळीचा नियम एका कागदावर लिहून फळीखाली चिकटवा."

हुश्श! जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसं नुसतं खुर्चीत बसून राहावंसं वाटलं. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "दोन जागा यंत्राच्या, तर दोन बिल्ले यंत्राचे नकोत का?" आणि त्यांनी स्वतः फळीवरचे दोन बिल्ले काढून जावयांच्या टेबलापाशी खिळा ठोकून अडकवले. फळीवर सहा राहिले. एवढ्या वर्षांत माझ्या फळीला पहिल्यांदाच हात लागला, आणि मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी लेकीच्या घरी गेले. बॅग दिवाणखान्याच्या मधोमध उघडी पडलेली, त्यात नातीच्या बाहुल्या ओळीने निजवलेल्या. जावयांनी त्या लांबच्या कंपनीला नकार कळवला आणि मग स्टुलावर चढून बॅग माळ्यावर ठेवली. ठेवून उतरले. पुन्हा चढून बघितलं, नीट बसलीये ना. लेकीने माझ्याकडे बघितलं, मी आता बोलणार म्हणून. मी नातीची वेणी घालत राहिले.

जेवताना मी विचारलं, "खोटं का बोललात मॅडमसमोर?"

त्यांनी घास खाली ठेवला. विचार केला. पाण्याचा घोट घेतला. "तुमची सव्वीस वर्षं आहेत तिथे, आई," ते म्हणाले. "माझा एकच महिना होता."

नात म्हणाली, "आजी, तू रडतेस?" मी म्हटलं, "गप गं, तिखट लागलं." सगळ्यांची जेवणं झाली, ताटं उचलली गेली, ओटा पुसून झाला. जावयांच्या ताटात अजून अर्धं जेवण. ते घाईघाईने उरकायला लागले, माझ्या धाकाने, नेहमीसारखे.

मी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले. "उठायचं नाही," म्हटलं. "सावकाश होऊ द्या. मी बसलेय."